भागूबाईचा रेग्युलेटर

"तीनदा स्कुबाला नेलं, तीनदा रडत वर आली. पक्की भागूबाई!" लेकीकडे न बघताच बाप म्हणाला. "आता तुमच्याकडचा सगळ्यात भारी श्वासाचा रेग्युलेटर दाखवा."

डायव्हिंगच्या दुकानातल्या बाईंनी फळीकडे हातही नेला नाही. पोरीच्या जबड्याला बोट लावून त्यांनी विचारलं, "इथे दुखतं?"

पोरीने मान डोलावली.

"अहो, मोठ्यांच्या मापाचं, दातांत धरायचं हे रबर हिच्या एवढ्याशा तोंडात मावणार कसं?" बाईंनी बापाने सोबत आणलेल्या जुन्याच रेग्युलेटरला लहान रबर बसवलं.

बाईंबरोबर पोर दुकानामागच्या सरावाच्या हौदात उतरली, ती वर यायचं नावच घेईना. बाप काठावर ताटकळला. शेवटी त्यानेच शिडी वाजवून तिला वर बोलावलं.

तोंडातलं रबर काढून ती म्हणाली, "बाबा, आता या मावशींना सांग ना, मी भागूबाई नाहीये."