निळ्या काठाचा दिवा

"शंभर वर्षांत आमच्या खोक्यातली एकही वस्तू फुटलेली नाही," आत्याबाईंनी गंभीर आवाजात जाहीर केलं आणि माइक स्टँडवरून निखळून खाली पडला. तो कंपनीच्या खोक्यात नव्हता, त्यामुळे फुटला.

लोक हसले. गच्चीवर उभे असलेले धाकटे मालक हसले नाहीत. त्यांच्या हातात खोकं होतं, खोक्यात पणजोबांचा काचेचा दिवा होता आणि खाली अंगणात औषध कंपनीच्या खरेदी अधिकारी बाई मान वर करून उभ्या होत्या. बाईंना औषधाच्या बाटल्यांसाठी खोकी हवी होती, तीही कायमची. ही ऑर्डर मिळाली तर कारखाना तगणार होता. नाही मिळाली तर सगळ्या कामगारांना घरी बसावं लागणार होतं, आणि धाकट्या मालकांच्या मेव्हण्यांखेरीज कुणालाच त्याचा सराव नव्हता.

पणजोबांनी धंदा सुरू केला तो रद्दीच्या पिशव्या चिकटवून. पुढे ते पुठ्ठ्याच्या खोक्यांकडे वळले. "पुठ्ठ्यात काच टिकेल होय?" असं म्हणून एका गिऱ्हाइकानं नाक मुरडलं, तेव्हा पणजोबांनी घरातला निळ्या काठाचा दिवा विझवला, खोक्यात भरला आणि गच्चीवरून फेकला. दिवा शाबूत निघाला. तेव्हापासून दर वर्धापनदिनी तोच दिवा, तीच गच्ची. खोकं तेवढं नवं.

पुढची रीतही ठरलेली. पडलेलं खोकं आतल्या खोलीत न्यायचं, घरच्या कर्त्या माणसानं एकट्यानं उघडायचं आणि दिवा मखमली गादीवर ठेवून बाहेर आणायचा. धाकट्या मालकांचे वडील, म्हणजे मोठे मालक, आत बराच वेळ लावत. त्यांना भावना अनावर होत, असं कंपनीच्या स्मरणिकेत छापलेलं होतं.

गेल्या वर्षी मोठे मालक गेले. जाण्यापूर्वी त्यांनी उशाखालून किल्ली काढून मुलाच्या मुठीत कोंबली. "आतल्या कपाटाची. गादी आहे त्यात. आधी दिवा काढ, मगच कपाट उघड." त्यांना आणखीही काही सांगायचं होतं, पण तेवढ्यात नर्स इंजेक्शन घेऊन आली.

"टाका मालक! हात भरून आलाय तुमचा!" खालून फोरमन ओरडला.

धाकट्या मालकांनी डोळे मिटले आणि खोकं सोडलं. ते कोपऱ्यावर आपटलं, एक कोलांटी मारून सरळ बसलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या समोरच्या शेठनी.

समोरच्या शेठचा कारखाना रस्त्यापलीकडेच होता. धंदा तोच, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. पाटीवर छाप लाल हत्तीचा. या घरात त्या हत्तीचा विषय निघाला की जेवणाची चव जायची. "त्यांच्या खोक्यात बटाटा ठेवला तर तोही फुटेल," असं मोठे मालक चारचौघांत म्हणत. तरी शेठ दरवर्षी समारंभाला न चुकता येत. मोठ्या मालकांच्या अंत्ययात्रेत तर ते ढसाढसा रडले होते. "आमचे संबंध फार जुने हो," असं सांगत होते.

"नाटकी मेला," आत्याबाई तेव्हा पदराआडून म्हणाल्या होत्या.

धाकटे मालक खाली आले, खोकं उचलून निघाले. अधिकारी बाई आडव्या आल्या.

"मी येऊ का आत? उघडताना बघायचंय."

"अहो, तुम्ही चहा घ्या ना," आत्याबाई मध्ये पडल्या. "दिवा कुठे पळून जातोय?"

"चहा झाला माझा."

"मग दुसरा घ्या. आमच्याकडे एका चहावर कुणाला सोडत नाहीत."

धाकट्या मालकांनी आतून कडी लावली. पट्टी कापली. कागदाच्या कातरणात हात घातला आणि चटकन मागे घेतला. बोटातून रक्त येत होतं.

त्यांनी खोकं उलटं केलं. टेबलावर काचांचा ढीग पडला. त्यात निळ्या काठाचे तुकडे वेगळे ओळखू येत होते.

पणजोबांनी फेकला, काही झालं नाही. आजोबांनी फेकला, बाबांनी फेकला, तडासुद्धा गेला नाही. आपण पहिल्यांदाच हात लावला आणि घराण्याचा दिवा विझवला. मनगट वळलं असेल का? डोळे मिटायला नको होते. सांगायचं तरी काय, आणि बाहेर त्या कामगारांकडे बघायचं तरी कसं?

दारावर टकटक झाली. "बाळ, झालं का रे? बाई घड्याळ बघतायत."

"आत्या..."

"रडू नकोस हो. तुझा बाबाही असाच हळवा. आण दिवा लवकर."

"गादी काढतोय," ते कसेबसे म्हणाले.

त्यांनी मनाशी ठरवलं. खोटं बोलायचं नाही. काचा गादीवर ठेवायच्या, बाहेर न्यायच्या आणि सगळ्यांसमोर मान खाली घालून उभं राहायचं. तिघांनी राखलेली अब्रू चौथ्यानं घालवली, तर निदान प्रामाणिकपणे घालवली असं लोक म्हणतील.

त्यांनी कपाटाला किल्ली लावली.

गादी वरच्या फळीवर होती. तिच्या खालच्या सगळ्या फळ्यांवर खोकी होती, एकावर एक, पार तळापर्यंत. धाकट्या मालकांनी हाताला आलं ते खोकं उघडलं. आत निळ्या काठाचा दिवा होता. दुसरं उघडलं. तोच दिवा. मग वेड लागल्यासारखे ते उघडतच सुटले. काही खोकी आजोबांच्या काळातली असावीत, पुठ्ठा पिवळा पडला होता. पण आतला एकही दिवा तडकलेला नव्हता.

त्यांनी हातातलं खोकं उजेडात धरलं, मग फळीवरची सगळी नीट पाहिली.

प्रत्येक खोक्यावर लाल हत्ती होता.