मासे येईपर्यंत

“आजपासून समुद्र आपल्या घरी राहायला येतोय,” आजोबांनी हॉलच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं.

“येताना पायपुसण्याला पाय पुसून ये म्हणावं त्याला,” आजी म्हणाली आणि हातातली भाजी निवडत राहिली.

समुद्र काचेच्या टाकीतला, चार फूट लांब होता. दोन हमालांनी तो जिन्यावरून वर आणला तेव्हा रिकामाच होता. आजोबा वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. नोकरीत असताना पाच ग्रॅमसाठी त्यांनी भल्याभल्या दुकानदारांना घाम फोडला होता. आता ते बादलीतल्या पाण्यात खास आणलेलं मीठ मोजून मोजून कालवत होते आणि दर खेपेला पाण्याचा खारटपणा मापून बघत होते.

“माझ्या हातचं मीठ जन्मभर जास्त झालं तुम्हाला,” आजी म्हणाली. “आता घ्या बादलीभर.”

आजोबांनी तिकडे कानाडोळा केला. त्यांचं लक्ष सातासमुद्रापलीकडच्या नातीकडे होतं. दर रविवारी सकाळी मुलगा व्हिडिओ कॉल लावायचा आणि त्या सात वर्षांच्या पोरीला फोनसमोर उभं करायचा. “हाय आजोबा, मी बरी आहे, बाय आजोबा.” एक मिनिट दहा सेकंद. आजोबांनी दर वेळी घड्याळ लावून पाहिलं होतं. मापात खोट काढायला जागा नव्हती. एकदाच ती चार मिनिटं थांबली. आजोबांच्या मागे खिडकीत मांजर येऊन बसलं होतं. पुढच्या रविवारी आजोबांनी खिडकीत दूध ठेवलं. मांजर आलं नाही.

मग मुलगा बोलता बोलता म्हणाला की, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या समुद्री माशांचं तिला भलतंच वेड आहे. आजोबांनी दुसऱ्याच दिवशी दुकान गाठलं.

दुकानदार मासे द्यायलाच तयार होईना. “समुद्र एका दिवसात होत नाही, काका. आधी नुसतं पाणी आणि खडक ठेवा. खडकात जिवाणू धरू द्या, माशांची घाण तेच खातात. सहा आठवडे टाकीत मासा नको. घाई कराल तर दुसऱ्या दिवशी पोट वर करून तरंगेल.”

“म्हणजे सहा आठवडे आपण दगडांकडे बघत बसायचं?” घरी हे ऐकल्यावर आजीनं विचारलं.

“पाणी मुरायला वेळ लागतो,” आजोबा म्हणाले.

“तरीच म्हटलं, या घरात पाणी मुरतंय कुठं.”

पहिल्या रविवारी आजोबा आरोपीसारखे फोनसमोर बसले.

“मासे?” मागची टाकी बघून नातीनं विचारलं.

“अजून नाहीत. दोन दगड आहेत.”

“दगड काय करतात?”

आता आली का पंचाईत! आजोबांनी सांगून टाकलं की, थोरल्या दगडात एक गाव आहे. गावातले सगळे झाडूवाले, पण इतके बारीक की दिसत नाहीत. धाकट्या दगडातले आळशी, अजून झोपलेत.

“त्यांना शाळा नाही?”

“आहे. पण निम्मे पळून जातात.”

मग नातीनं आपल्या शाळेतून कोण पळून गेलं ते सांगितलं. पडलेल्या दाताची जागा दाखवली. आई-बाबा कशावरून भांडले हे सांगायला लागली, तेव्हा मात्र मागून मुलाचा हात आला. सत्तेचाळीस मिनिटं झाली होती.

पुढे पुढे आजोबा टाकीतलं पाणी काचेच्या नळीत घेऊन फोनसमोर धरायला लागले. त्यात औषधाचे थेंब टाकले की घाण असेल तर पाणी हिरवं व्हायचं, नसेल तर पिवळं. “हिरवं की पिवळं, तूच सांग बाई. माझे डोळे म्हातारे झाले.” हे साफ खोटं होतं. चौथ्या आठवड्यात तर बुधवारीच फोन वाजला. “धाकट्या दगडातले उठले का?” तिला एवढंच विचारायचं होतं. विचारायला तासभर लागला.

सहाव्या आठवड्यात पाणी पिवळंधमक राहिलं. दुकानदार म्हणाला, “आता या मासे न्यायला.”

“अहो,” टाकीची काच पुसता पुसता आजी म्हणाली, “राहू द्या की अजून महिनाभर अशीच.”

“का?”

“बरं चाललंय.”

“काय बरं चाललंय? पोरीला किती ताटकळत ठेवायचं? माप भरलं की माल द्यावा.”

आजीनं फडकं पिळलं आणि ती आत गेली.

मासे आले. दोन. सोबत मुठीएवढं प्रवाळ, फुलासारखं उघडमीट करणारं. आजोबांनी दोन तास खपून, पिशवीत थेंब थेंब टाकीचं पाणी सोडून माशांना नव्या घराची सवय लावली. रविवारी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. काय काय सांगायचं त्याचा कागद केला. सगळ्यात वर लिहिलं: दोघांतली मोठी ती बाई, सगळा कारभार तिचा.

“शिकलेले मासे दिसतात,” आजी म्हणाली.

फोन टाकीसमोरच्या स्टुलावर टेकवून आजोबा त्याच्यामागे उभे राहिले. फोनमधून किंकाळी आली. आनंदाचीच होती.

“त्यातली मोठी आहे ना, ती...”

“शूऽऽ, आजोबा!”

आजोबांनी कागद खाली घेतला. मासे प्रवाळाभोवती फिरत राहिले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. फोन चालूच. शेवटी त्या बुधवारचा तासही मागे पडला. आजोबांनी आजीकडे जिंकल्यासारखं पाहिलं. आजी खिडकीबाहेर बघत होती.

“आजोबा,” फोनमधून हाक आली.

“बोल, बोल, बाळा!” कागद सावरत आजोबा घाईघाईनं पुढे वाकले.

“थोडं बाजूला व्हा ना. काचेत तुम्ही दिसताय.”