इशबेलच्या थापा

ग्लासगोच्या टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत इशबेल आणि मी दर रविवारी पाहुण्यांना थोरामोठ्यांची थडगी दाखवतो. मोठ्यांची खरी चरित्रं फार रटाळ, म्हणून इशबेल मीठमसाला लावते. कडक न्यायाधीश कारस्वेल पोरांना गुपचूप पेपरमिंटच्या गोळ्या द्यायचे, ही थाप तिचीच.

काल एक म्हातारेबुवा कारस्वेलांच्या थडग्यामागून गालात गोळी घोळवत आले. "मागं उभ्या असलेल्या गृहस्थांनी दिली. जुन्या काळचा पोशाख घालून माणूस उभा केलात, झकास हं!"

आम्ही कुणालाच उभं केलं नव्हतं. मी मागं जाऊन पाहिलं. तिथं पेपरमिंटचा नुसता वास होता.

"बघ, चांगलंच बोलले होते ना मी त्यांच्याबद्दल," इशबेल हसली, पण तिचे ओठ कोरडे पडले होते.

पुढचं थडगं डॉक्टर लोगींचं. ते ज्याची नाडी धरत, तो माणूस दिवस मावळायच्या आत मरायचा, हेही तिनंच रचलेलं.

"अगं, आज ते नको सांगूस," मी म्हणाले.

तिचा डावा हात पुढे आला होता, आणि मनगटावरची बाही बोटांनी धरावी तशी दबली होती.