पाव जमतो आता

“पाव जमतो आता. अर्ध्याला वेळ लागेल,” गोपाळराव फोनवर हळू आवाजात म्हणाले. “येतो सहाला. हो रे चांगो, पोट रिकामंच ठेवलंय. बसू.”

दाराआड उमाबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. बसू. हा शब्द त्यांनी अकरा वर्षांनी ऐकला. गोपाळराव खोपोलीच्या कारखान्यात होते, तेव्हा पाळी सुटली की ते आणि चांगो शिळफाट्यावर ‘बसत’. इकडे दहिवलीत उमाबाई झाकलेल्या ताटासमोर वाट बघत. शेवटी त्यांनी एकदाच सांगितलं होतं, “पुन्हा एक थेंब, की मी नाशिकला अनुपमकडे. लेकाच्या घरून मग परत यायची नाही.”

त्यानंतर थेंब नव्हता. विश्वासही नव्हता. नवरा दारात आला की उमाबाई पिशवी घ्यायला पुढे होत. पिशवी हे निमित्त. नाक त्यांच्या तोंडाशी जाई. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नाही.

आणि आता महिनाभर हे सुरू होतं. सहाला बाहेर, सातला घरी. रोज तीच वेळ, तीच जागा, तोच चांगो. सवय कशी लागते, हे उमाबाईंना कुणी शिकवायला नको होतं. परत आलेला माणूस गप्प असे. दोन घास कमीच जेवे. वास येत नव्हता, पण दारात हल्ली ते चक्क श्वास रोखून उभे राहत. लपवायचं काही नसेल तर श्वास कोण रोखतं? आज तर पलंगावरची लहान उशीही गायब होती. लवंडायची सोयसुद्धा घरून न्यायची.

गोपाळराव गेल्यावर उमाबाईंनी दोन साड्या आणि गोळ्यांचा डबा पिशवीत भरला. घराला कुलूप लावलं. नदीवरचा पूल ओलांडून त्या चांगोच्या वाडीकडे चालू लागल्या. एकदा डोळ्यांनी बघायचं, मग स्टेशन.

चांगोच्या पडवीला कुडाची भिंत होती. आतून बाईचा आवाज आला.

“घाई नको. घोटघोट घ्या. आबा, तुमी एकदम घेताय.”

म्हणजे वाढायला बाईसुद्धा. उमाबाईंनी दार ढकललं.

घोंगड्यांच्या घड्यांवर चार म्हातारे मांडी घालून बसले होते. डोळे मिटलेले. गोपाळरावांच्या दुखऱ्या गुडघ्याखाली ती उशी होती. समोर चांगोची सून प्रिया बोटांवर श्वास मोजत होती. ती जवळच्या एका रिसॉर्टवर पाहुण्यांना योग शिकवायची. तिच्या मागे घराच्या आतल्या दारावर खडूने लिहिलं होतं: आधी मान, मग खांदे, मग बसणं. पहिला आठवडा पाच मिनिटं. दुसरा दहा. चौथा, पाव तास.

चांगोने एक डोळा उघडला. “या वैनी. बसताय का?”

“आबा, डोळा,” प्रिया म्हणाली. चांगोने तो मिटला.

परतताना दोघं पुलावर आले. गोपाळरावांनी उमाबाईंच्या हातातली पिशवी मागून घेतली. साडीचा काठ वर आला होता. तो त्यांनी आत सारला.

“एवढंच होतं तर घरी बसायचं,” उमाबाई म्हणाल्या. “पंखा आहे, सतरंजी आहे. चोरासारखं कशाला?” बोलता बोलता त्या सवयीने त्यांच्या जवळ सरकल्या होत्या.

गोपाळराव थांबले. छातीत भरलेला श्वास त्यांनी तसाच धरला. मग तोंड नदीकडे वळवलं आणि हळूहळू सोडला.

“प्रिया म्हणते, श्वास मोकळा सोडता आला की मन आपोआप बसतं,” ते म्हणाले. “घरी मी श्वास सोडला, की तू वास घेतेस.”