चार पंजांचा चिखल

मालकिणीच्या कुत्र्याला बागेत फिरवायचं काम आईकडे होतं. कामवाल्यांच्या पोरांना मात्र आत सोडत नसत, म्हणून लेक फाटकाबाहेर वॉचमनच्या स्टुलावर बसून राहायची. आत ते ध्यान ओल्या गवतात खुशाल लोळायचं आणि इथे हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"त्या मेल्याला गवतातलं काय कळतंय गं?" ती रोज फणकारायची.

बाहेर आल्यावर आई त्याचे पंजे पुसायची. घरात चिखलाचा ठिपकाही मालकिणीला खपत नसे. आज लेकच पुढे झाली. "थांब, मी काढते." फडकं बाजूला टाकून तिने चारही पंजे बोटांनी कोरून कोरून साफ केले. पोरीच्या मनातली अढी गेली एकदाची, म्हणून आईला हायसं वाटलं. कुत्र्याला पोचवायला आई निघून गेली.

घरी येऊन बघते तर लेक दारात पाय पसरून बसलेली. दोन्ही पावलं चिखलाने माखलेली, बोटांच्या बेचक्यांत गवताची पाती.

"बागेत गेले होते," ती शेजारच्या ठकीला ऐटीत सांगत होती. "लोळलेसुद्धा!"

ठकी त्या पावलांकडे बघत होती, अगदी लेक रोज कुत्र्याकडे बघायची तशी.