चिमूटभर काळं

"काळं किती देऊ?" वेंडलने विचारलं.

"चिमूटभरच!" आर्डिस इतक्या मोठ्याने बोलली की रस्त्यापलीकडे ऐकू जावं. "सेल्मर म्हणायचा, काळं जास्त झालं की चुलीतली राख प्यायल्यासारखं लागतं!"

मग तिला भान आलं. तिने घाईघाईने तराजूच्या काट्यावर हात ठेवला. पण कोपऱ्यातल्या गिरणीपाशी स्टुलावर बसलेल्या गॉर्डीने ऐकायचं ते ऐकलं होतं.

वेंडलला तिची कीव आली. नवऱ्यामागे हिचे कानही गेले वाटतं, तो मनात म्हणाला.

विस्कॉन्सिनच्या त्या लहानशा गावात घरी बिअर बनवणारे सगळे वेंडलकडेच येत. साधा जव लोक पोत्याने नेत. पण धुरावलेला किंवा करपवून काळा केलेला जव, गव्हासारखी राय, असलं खास धान्य मिठासारखं बेतानं वापरायचं असतं, ते वेंडल मूठमूठ विकायचा. प्रत्येकाची बिअर ओळखायची तर ती त्या मुठीवरून, म्हणून दुसऱ्याच्या तराजूत डोकवायचं नाही, अशी दुकानातली रीत होती. गॉर्डी सोडून सगळे ती पाळायचे.

गॉर्डी आणि आर्डिसचा नवरा सेल्मर तरुणपणी एकाच पातेल्यावर बिअर बनवायला शिकले. मग गावातल्या बिअर क्लबच्या चषकावरून बिनसलं ते कायमचंच. चषक सेल्मरकडे जायचा आणि गॉर्डी वर्षभर धुमसायचा. गेल्या उन्हाळ्यात सेल्मर गेला. त्याच्या काळ्या बिअरची कृती बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती, आणि उरलेल्या बाटल्या तिने अंत्यविधीला आलेल्यांना वाटून टाकल्या होत्या. नंतर फार हळहळली.

"मरायच्या आत एकदा त्याची बिअर प्यायचीय मला," तिने वेंडलला सांगितलं होतं. "बाकी काही नको."

म्हणून ती दर शनिवारी यायची. संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांत अंड्यांचा खोका कसाबसा धरून आणायची, तो वेंडलला द्यायची आणि थोडंथोडं धान्य न्यायची.

"यीस्ट नको?" वेंडल विचारायचा.

"आहे घरी."

एकदा दुकानातच गावातला खाटीक गॉर्डीच्या मागे लागला. "पोरीचं लग्न आहे रे. एक पिंप बनवून दे ना."

"मी दुसऱ्याची बिअर बनवत नाही," गॉर्डी म्हणाला. "पाया पडलास तरी नाही. ह्या आर्डिसला विचार. हीसुद्धा सफरचंदाचा केक घेऊन आली होती माझ्या दारात. केक ठेवून घेतला, हिला वाटेला लावलं."

तो खो खो हसला. आर्डिसने नुसती मान हलवली, जणू नीट ऐकूच आलं नाही.

त्या थंडीत गॉर्डीही काळं धान्य नेऊ लागला. मग राय. मग धुरावलेलं. आर्डिसने आज नेलं की ह्याने उद्या नेलंच. वेंडलने त्याला एकदा फैलावर घेतलं.

"लाज वाटत नाही? म्हातारीच्या तोंडचा घास आहे तो."

"विकायला ठेवलंयस ना? मग वीक."

मार्चमध्ये गॉर्डीने पहिली बाटली दुकानात आणली आणि वेंडलला चाखायला दिली. आर्डिसला थेंबही दिला नाही. तो गेल्यावर ती म्हणाली, "आण तो ग्लास, विसळून ठेवते." नळापाशी तिने रिकामा ग्लास नाकाला लावला आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. वेंडलने मान फिरवली. त्याला ते बघवेना.

पुढच्या शनिवारी ती काऊंटरवर ओरडली, "काळं अजून कमी कर! धुरावलेलं वाढव! मागच्या खेपेला चुकलंच माझं!"

स्टूल करकरलं. गॉर्डी पुढे झुकला होता.

मे महिन्यात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये क्लबची स्पर्धा झाली. आर्डिसची बाटली टेबलावर नव्हतीच.

"जमली नाही," ती म्हणाली.

चषक गॉर्डीला मिळाला. परीक्षक उठून टाळ्या वाजवत होते. गॉर्डी चषक डोक्यावर धरून हॉलभर फिरला, आणि आर्डिससमोर तर दोनदा थांबला. वेंडलच्या मुठी वळल्या.

क्लबची जुनी प्रथा अशी की जिंकणाऱ्याने आपलं पिंप तिथेच उघडायचं आणि येईल त्याला पाजायचं, वैरी असला तरी. आर्डिस रांगेत उभी राहिली. गॉर्डीने नाइलाजाने ग्लास भरला.

तिने डोळे मिटले. एक घोट घेतला. दुसरा घेतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि ती चक्क हसत होती.

"सेल्मर," ती म्हणाली. "अगदी सेल्मर. तुझ्या हाताला त्याचाच गुण आहे, गॉर्डी. मला ठाऊकच होतं."

गॉर्डीच्या हातातला चषक खाली आला. तिने पुढे केलेला मोठा जगसुद्धा त्याने मुकाट्याने काठोकाठ भरून दिला.

वेंडल तिला घरी सोडायला निघाला. वाटेत तो स्वतःशीच पुटपुटला, "चोर लेकाचा."

"त्याला चोर म्हणू नकोस," मांडीवरचा जग सांभाळत आर्डिस हळूच म्हणाली. ती गालात हसत होती. "हा गॅरेजमध्ये ठेवशील? तिथे गारवा असतो."

वेंडलने गॅरेजचं दार वर ढकललं. सेल्मरचं मोठं पातेलं कोपऱ्यात होतं. पातेल्यात पेंढा होता, पेंढ्यावर तांबडी कोंबडी निवांत अंडी उबवत बसली होती, आणि जमिनीवर बाकीच्या कोंबड्या वेंडलच्या दुकानातलं धान्य टिपत होत्या.