किल्ल्याचं पुस्तक

लुडविग्सहाफेनच्या वाचनालयात शैला टिपणीस गुन्हा कबूल करायला रांगेत उभी होती. पुढे तीन माणसं होती. गुन्हा पिशवीत होता, ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेला.

"किती लाज आणतेस, ममा," मागून ईश्वरी म्हणाली. मुलगी अठरा वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर जर्मनमध्ये. "सोळा वर्षं झाली. कोणाला आठवतंय?"

"मला."

पुस्तक सापडलं रविवारी, ईश्वरीची शाळा संपली म्हणून कपाट आवरताना. पुण्याच्या सवयीने शैला घरात येईल त्या पुस्तकाला ब्राऊन कव्हर घालायची. एकदा कव्हर चढलं की वाचनालयाचं काय आणि शाळेचं काय, सगळी एकाच तुकडीतली. आत शिक्का होता: परत करण्याची तारीख १४ मार्च २००९. त्याच महिन्यात त्यांनी घर बदललं होतं. स्मरणपत्रं जुन्या दारावर जाऊन थकली असणार.

नवऱ्याने, श्यामकांतने, सोपा तोडगा काढला होता. "चौकातल्या फुकट पुस्तकांच्या कपाटात ठेवून दे. तासाभरात कोणीतरी उचलेल."

"अहो, उद्या दहा वाजता सगळ्यांसमोर ‘या देशाचे कायदे पाळीन’ म्हणायचंय, तेव्हा कुठे नागरिकत्वाचा कागद हातात पडणार. आणि आज चोरीचा माल चौकात टाकू? कागद अडला तर अडला."

अडला तर काय, हे तिला रविवारपासून झोपू देत नव्हतं.

नंबर आला. काउंटरवरच्या बाईंनी, फ्राऊ केसलरनी, कव्हर बाजूला करून पुस्तकाचा क्रमांक टाइप केला. पुन्हा केला.

"हे आमच्याकडे नाही."

"बरोबर. माझ्याकडे आहे."

"तसं नव्हे. नोंदच नाही. २०१३ साली हरवलेल्यांत धरून यादीतून काढलंय. त्यामुळे तुम्ही काही नेलेलंच नाही."

"अहो, नेलंय! जर्मन शिकायला नेलं होतं. आणि उद्या दहाला मला नागरिकत्वाचा कागद मिळायचाय!"

इतक्या वर्षांत शैलाने या देशातल्या प्रत्येक कचेरीत आपण सरळ असल्याचे कागद दिले होते, दोन प्रतींत. आज ती वाकड्याचा पुरावा घेऊन आली, तर तो कोणी घेईना.

फ्राऊ केसलरनी मुखपृष्ठ पाहिलं. हामबाखचा किल्ला. "शिकायला हेच का घेतलंत?"

"वर किल्ला होता." मराठी माणूस कुठेही जावो, किल्ला दिसला की थांबतो. "म्हटलं, लढाई असेल. निघाली भाषणं. १८३२ साली सभेला बंदी, म्हणून लोकांनी जत्रा भरवली आणि वर जाऊन स्वातंत्र्य मागितलं. आमच्याकडे यासाठी चौकाचौकांत गणपती बसवले होते. तेव्हा वाटलं, माणसं ओळखीची दिसतायत. जमेल आपलं."

"गेनाऊ," फ्राऊ केसलर म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. पण त्यांच्याकडे ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, हे हसण्याच्या बरंच जवळ.

"ही बाबागाडीत झोपायची," शैलाने ईश्वरीकडे बोट केलं, "आणि मी त्या खिडकीशी बसायचे. हीटर चालू असायचा. बाहेर सगळे विचारायचे, कुठून आलात, किती दिवस राहणार. इथे कोणी कधीच विचारलं नाही. त्याचे आभार मानायचे राहिले होते. पुस्तकाबरोबर."

फ्राऊ केसलर पानं उलटू लागल्या आणि थबकल्या. पहिल्या पानावर प्रत्येक जर्मन शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलने बारीक मराठी अक्षरं होती. ओळींपेक्षा अर्थच जास्त. एका शब्दावर ‘सुटका’ लिहून खोडलं होतं, ‘मोकळीक’ लिहून खोडलं होतं, मग ‘स्वातंत्र्य’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह.

"हा दुसरा गुन्हा," शैला घाईने म्हणाली. पर्समधून खोडरबर काढून तिने काउंटरवर ठेवलं. "बसते आणि सगळं खोडते. संध्याकाळपर्यंत होईल."

फ्राऊ केसलर उलटतच होत्या. तिसाव्या पानावर अक्षरं विरळ झाली. साठाव्यावर तीनच शब्द. नव्वदच्या पुढे पानं कोरी.

"इथून पुढे सोडून दिलंत?"

"नाही," शैला म्हणाली. "इथून पुढे कळायला लागलं."

मागे रांग वाढली होती. कोणी खोकलं. ईश्वरी पहिल्या पानावर वाकून, ओठ हलवत, आईचं मराठी वाचत होती.

"उद्या दहाला ना?" फ्राऊ केसलर म्हणाल्या. "पावणेदहाला जा. तिथे उशीर चालत नाही."

त्यांनी पुस्तक मिटलं, कव्हरची सुटलेली घडी नखाने नीट बसवली आणि ते शैलाच्या हातात दिलं.

खोडरबर मात्र उचलून स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकलं, आणि ड्रॉवरला कुलूप लावलं.